प्रकाशजन्य शिंक आणि स्वमग्नता : एक शास्त्रीय विवेचन (बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : प्रकाशजन्य शिंक, प्रतिक्षिप्त क्रिया, स्वमग्नता, संवेदनप्रक्रिया, शीघ्र निदान

प्रस्तावना :

वैशाख महिन्यातील दुपारी लोणार येथील दैत्यसूदन मंदिराच्या अंधाऱ्या गाभाऱ्यातून एखादा भाविक बाहेरच्या लख्ख उन्हात येतो आणि त्याला लागोपाठ दोन-तीन शिंका येतात. त्याला सर्दी नसते, धुळीचा त्रास नसतो, तपकिरीची सवयही नसते. शिंकेविषयी मराठी समाजमनात अनेक संकेत रूढ आहेत. कामाला निघताना शिंक आली की क्षणभर थांबण्याची प्रथा आहे. बोलता बोलता शिंक आली तर बोलणे सत्य मानले जाते. आणि ठरलेले काम अडले की 'माशी शिंकली' असे म्हटले जाते. या संकेतांच्या गर्दीत शिंकेचे एक निखळ शारीरिक कारण मात्र दुर्लक्षित राहिले आहे. ते कारण म्हणजे प्रकाश.

तीव्र प्रकाशाच्या आकस्मिक संपर्काने शिंक येण्याच्या या प्रवृत्तीचा स्वमग्नतेशी संबंध असावा काय, असा प्रश्न अलीकडे पालक व शिक्षक यांच्याकडून विचारला जातो. या प्रश्नाचे चुकीचे उत्तर दोन्ही बाजूंनी हानिकारक ठरते. निरोगी बालकावर नाहक शिक्का बसू शकतो, आणि ज्या बालकाला खरोखर मदतीची गरज आहे त्याच्या खऱ्या लक्षणांकडे दुर्लक्ष होऊ शकते. म्हणूनच या विषयाची शास्त्रीय बाजू तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

ही घटना मानवाला प्राचीन काळापासून परिचित आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नासारोगांचे वर्णन करताना शिंकेच्या आगंतुक कारणांमध्ये सूर्याकडे पाहण्याचा स्पष्ट उल्लेख येतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर अडलेली शिंक प्रवृत्त करण्याचा एक उपाय म्हणून अर्कविलोकन, म्हणजे सूर्यदर्शन, सांगितले आहे. चरकसंहितेने शिंकेची गणना रोखून धरू नयेत अशा तेरा वेगांत केली आहे. प्रकाश आणि शिंक यांचा संबंध भारतीय वैद्यकाने केवळ नोंदवलाच नाही, तर चिकित्सेसाठी वापरलाही, असे यावरून दिसते.

पाश्चात्त्य परंपरेत अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'प्रॉब्लेम्स' या ग्रंथात, सूर्याच्या उष्णतेने शिंक येते पण अग्नीच्या उष्णतेने का येत नाही, असा प्रश्न उपस्थित केला आहे. सतराव्या शतकात फ्रान्सिस बेकनने उष्णतेचा हा तर्क नाकारला. नाकपुड्या तापल्यामुळे शिंक येत असती, तर डोळे मिटून नाक उन्हाकडे धरले तरी ती आली असती, असा त्याचा युक्तिवाद होता. कारण नाकात नसून डोळ्यात आहे, हे त्याने अचूक हेरले. आधुनिक वैद्यकीय साहित्यात १९५४ मध्ये फ्रेंच नेत्रतज्ज्ञ सेदाँ यांनी नेत्रतपासणीच्या प्रकाशामुळे काही रुग्णांना शिंका येतात असे नोंदवले. १९६४ मध्ये हेन्री एव्हरेट यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. १९७८ मध्ये या प्रवृत्तीला शिंकेच्या आवाजाशी जुळणारे 'अचू सिंड्रोम' हे आद्याक्षरी नाव देण्यात आले.

प्रमाण व आनुवंशिकता :

निरनिराळ्या पाहण्यांत हे प्रमाण साधारणतः १८ ते ३५ टक्के इतके आढळले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. उपरोक्त प्रमाण येथे लागू केल्यास जिल्ह्यातील साडेचार ते नऊ लाख व्यक्तींमध्ये ही प्रवृत्ती असू शकते. हा केवळ गणिती अंदाज आहे, प्रत्यक्ष सर्वेक्षण नव्हे. परंतु ही गोष्ट दुर्मीळ नाही, एवढे त्यावरून निश्चित स्पष्ट होते.

ही प्रवृत्ती बहुधा प्रभावी वारशाने संक्रमित होते. माता किंवा पिता यांपैकी एकामध्ये ती असल्यास प्रत्येक अपत्यात ती उतरण्याची शक्यता सुमारे निम्मी असते. 'बापासारखाच उन्हात आला की शिंकतो' हे घरातील निरीक्षण म्हणूनच शास्त्रसंमत ठरते. २०१० मध्ये 'ट्वेंटी-थ्री अँड मी' या जनुकीय तपासणी संस्थेच्या संशोधकांनी सुमारे दहा हजार व्यक्तींच्या माहितीवरून या प्रवृत्तीशी निगडित असे दोन जनुकीय बिंदू शोधले. त्यांपैकी एक दुसऱ्या गुणसूत्रावर 'झेब-२' या जनुकाजवळ, तर दुसरा पंधराव्या गुणसूत्रावर आहे.

कार्ययंत्रणा :

शिंक ही मूलतः नाकातील क्षोभकारक पदार्थ बाहेर टाकणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. नाकाच्या अंतःत्वचेची संवेदना ट्रायजेमिनल नावाची पाचवी कर्परचेता मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे नेते आणि तेथून श्वसनस्नायूंना आदेश जातो. प्रकाशाची संवेदना मात्र दुसऱ्या कर्परचेतेमार्फत, म्हणजे दृक्चेतेमार्फत, वाहिली जाते. या दोन मार्गांची सांगड कोठे पडते, याविषयी प्रमुख तीन मते आहेत.

पहिल्या मतानुसार, दृक्चेतेतील प्रबळ संदेशाचा परिणाम लगतच्या ट्रायजेमिनल मार्गावर होतो आणि मेंदू तो नाकातील क्षोभ समजतो. दुसऱ्या मतानुसार, प्रकाशाने बाहुली आकुंचित करणारी परानुकंपी चेतासंस्था एकाच वेळी नाकातील स्रावही वाढवते व त्यातून शिंक येते. तिसरे मत २०१० मध्ये झुरिच येथे झालेल्या मेंदूच्या विद्युत्-आलेखाच्या अभ्यासातून पुढे आले. प्रकाशाने शिंकणाऱ्या दहा व न शिंकणाऱ्या दहा व्यक्तींची तुलना केली असता, पहिल्या गटातील दृक्-बाह्यक प्रकाशाला अधिक उत्तेजित प्रतिसाद देतो असे आढळले. म्हणजेच ही क्रिया केवळ मेंदूच्या तळापुरती मर्यादित नसून तीत मेंदूच्या वरच्या स्तरांचाही सहभाग असावा.

येथे प्रकाशाच्या तीव्रतेपेक्षा तीव्रतेतील आकस्मिक बदल महत्त्वाचा असतो. वर्गखोलीत साधारणतः २०० ते ३०० लक्स प्रकाश असतो, तर निरभ्र दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. उंबरठा ओलांडताच डोळ्यांना तीनशे पटींहून अधिक फरकाला सामोरे जावे लागते. डोळे सरावले की शिंका थांबतात.

स्वमग्नतेशी संबंध : पुरावा व मर्यादा :

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये तिचे वर्णन केले. सामाजिक संवादातील अडचणी व पुनरावृत्त वर्तन ही तिची मुख्य लक्षणे होत. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत प्रकाश, ध्वनी, स्पर्श इत्यादींना अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद हाही निदानाच्या निकषांत अंतर्भूत झाला. शिंकेचा प्रश्न स्वमग्नतेशी जोडला जाण्याचे मूळ येथे आहे.

संबंधाच्या बाजूने साधारणतः तीन मुद्दे मांडता येतात. पहिला, स्वमग्न बालकांच्या बाहुलीचा प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद काहीसा विलंबित व क्षीण असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले. दुसरा, मेंदूतील उत्तेजन व निरोधन यांचा समतोल स्वमग्नतेत ढळलेला असतो, असा सिद्धांत रुबेनस्टाइन व मर्झेनिक यांनी २००३ मध्ये मांडला. झुरिच अभ्यासातील उत्तेजित दृक्-बाह्यकाशी त्याचे साम्य भासते. तिसरा, 'झेब-२' जनुकातील गंभीर दोषामुळे मोवॅट-विल्सन हा विकार होतो व त्यात बौद्धिक विकास खुंटतो.

हे तिन्ही मुद्दे काळजीपूर्वक पारखून घ्यावे लागतात. बाहुलीचे आकुंचन आणि शिंक या भिन्न क्रिया आहेत. शिवाय क्षीण प्रतिसाद हा अतिप्रतिसादाचा पुरावा होऊ शकत नाही. उत्तेजनाचे साम्य ही केवळ उपपत्ती आहे. जनुकाविषयी तर विशेष सावधगिरी हवी. शिंकेशी निगडित बिंदू त्या जनुकाच्या जवळ आहे, याचा अर्थ जनुक सदोष आहे असा होत नाही. पाणवठ्याजवळ राहणारा प्रत्येक जण कोळी नसतो. प्रकाशाने शिंकणाऱ्यांमध्ये स्वमग्नता अधिक असते, असे सिद्ध झालेले नाही.

एका गणिती उदाहरणाने ही बाब अधिक स्पष्ट होईल. दहा हजार बालकांपैकी १०० बालके स्वमग्न आहेत व सर्व बालकांपैकी एक चतुर्थांश बालकांना प्रकाशाने शिंक येते, असे मानू. दोहोंत काहीच संबंध नसला तरी २५ स्वमग्न बालके उन्हात शिंकतील. त्यांच्या पालकांना या दोन गोष्टी जोडलेल्या वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच वेळी २,४७५ अन्य बालकेही शिंकत असतील. स्वमग्न बालकांत हे प्रमाण दुप्पट, म्हणजे ५० टक्के, आहे असे गृहीत धरले तरी शिंकणाऱ्या २,५२५ बालकांपैकी केवळ ५०, म्हणजे सुमारे दोन टक्के, बालके स्वमग्न असतील. तात्पर्य, संबंध पुढे सिद्ध झाला तरी निदानाचे साधन म्हणून शिंक निरुपयोगीच राहील.

बुलढाणा जिल्ह्यातील प्रस्तुतता :

जिल्ह्यातील तेरा तालुक्यांपैकी मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद यांसारखे पूर्णा खोऱ्यातील तालुके कडक उन्हाळ्यासाठी ओळखले जातात. छायेतून उन्हात जाण्याचा प्रसंग येथे शेतकरी, मजूर व विद्यार्थी यांना दिवसातून अनेकदा येतो. बहुतेकांसाठी ही प्रवृत्ती निरुपद्रवी असली तरी वाहनचालकांच्या बाबतीत तिची दखल घेणे आवश्यक आहे. शिंकताना डोळे क्षणभर मिटतात. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात ३३ मीटर अंतर कापते. राजूर घाटासारख्या वळणावळणाच्या रस्त्यावर सावलीतून अकस्मात उन्हात येतानाही हीच दक्षता हवी. टोपी, वाहनातील ऊनरोधक झडप आणि वेग कमी ठेवणे हे साधे उपाय होत. वरच्या ओठाचा मधला भाग बोटाने दाबल्यास अनेकांची शिंक टळते. मात्र वाहन चालवताना हात चाकावरच असावा. नेत्रशस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याभोवती सुई द्यावयाची असल्यास रुग्णाने ही प्रवृत्ती वैद्यकांना अवश्य सांगावी.

स्वमग्नतेच्या संदर्भात मात्र शिक्षकांनी शिंकेऐवजी अन्य लक्षणांकडे पाहावे. वर्षाचे होऊनही नावाने हाक मारल्यावर वळून न पाहणे, दीड वर्षाचे झाल्यावरही बोटाने वस्तू न दाखवणे, आलेले बोलणे नाहीसे होणे, एकाच कृतीची सतत पुनरावृत्ती करणे ही लक्षणे विचारात घ्यावीत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शासकीय तसेच अनुदानित शाळांत एकदा आरोग्य तपासणीची तरतूद आहे. पुढील उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची रचना आहे. पाच भारतीय ठिकाणी, ज्यांत उत्तर गोव्याचा समावेश होता, झालेला व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मज्जाविकासविषयक विकार बालकांत मोठ्या प्रमाणावर आढळतात असे दर्शवतो. तेव्हा प्रश्न जागृतीचा आहे.

महाविद्यालयीन प्राध्यापकांचाही याच्याशी थेट संबंध आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने स्वमग्नतेचा समावेश २१ दिव्यांगत्वांत केला असून शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव ठेवल्या आहेत. खिडकीतून येणारी तिरीप, लुकलुकणारी नळी किंवा गोंगाट अशा विद्यार्थ्याला असह्य होऊ शकतो. त्याची बैठक बदलून देणे, हा अनुग्रह नसून त्याचा हक्क आहे.

निष्कर्ष :

१. प्रकाशजन्य शिंक ही सर्वसामान्य, बहुधा आनुवंशिक व प्रायः निरुपद्रवी प्रतिक्षिप्त क्रिया असून तिची नोंद प्राचीन भारतीय वैद्यकातही आहे.

२. स्वमग्नतेशी तिचा संबंध सैद्धांतिकदृष्ट्या संभाव्य असला तरी सिद्ध झालेला नाही.

३. केवळ उन्हात शिंकण्यावरून कोणत्याही बालकाविषयी निष्कर्ष काढणे अशास्त्रीय आहे.

४. प्रकाशाचा त्रास हा स्वमग्न विद्यार्थ्याचा खरा अनुभव असू शकतो. त्याची दखल घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

शिंकेला अपशकुन मानण्याची प्रथा आता मागे पडत आहे. तिच्या जागी शिंकेला आजाराची खूण मानणारा नवा संकेत रूढ होऊ नये, याची जबाबदारी सुशिक्षितांवर, विशेषतः अध्यापकवर्गावर आहे.