होडीला नवं इंजिन बसवलं, तरी वेग तोच! दोष इंजिनाचा की पंख्याचा?

१ जून ते ३१ जुलै. या दोन महिन्यांत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. पनवेलच्या खाडीपासून उरण-करंजापर्यंत होड्या काठावर ओढलेल्या दिसतात. जाळी दुरुस्त करणं, तळाला रंग मारणं, सडलेल्या फळ्या बदलणं अशी वर्षभर साठलेली कामं याच काळात उरकतात. ज्याचं जुनं इंजिन थकलंय, तो नवं इंजिनही याच दिवसांत बसवून घेतो.

खर्च मोठा असतो. त्यासाठी कोणी कर्ज काढतं, तर कोणी घरातलं सोनं ठेवतं. मग ऑगस्ट उजाडतो, होडी पाण्यात उतरते, तांडेल पूर्ण रेस देतो आणि होडी पळते ती आधी पळत होती तेवढीच. वर धुराड्यातून काळा धूर. मेकॅनिकला फोन जातो, "इंजिन फॉल्टी दिलंस काय?"

पण अशा वेळी आधी पाण्याखाली बघायला हवं. कारण इंजिन नवीन असलं तरी मागचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, अनेकदा जुनाच असतो.

आता पंख्याने एवढा काय फरक पडतो? बघूया.

पंख्यावरचे दोन आकडे

पंख्याच्या मधल्या जाड भागावर बहुतेक वेळा दोन आकडे कोरलेले असतात. समजा २० बाय १४. पहिला आकडा व्यास. पाती फिरताना जो गोल तयार होतो, तो २० इंचांचा. दुसरा आकडा पिच. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो. तसाच हा पंखा एका फेऱ्यात १४ इंच पुढे जायला हवा.

पाणी काही लाकूड नाही, त्यामुळे प्रत्यक्षात पंखा थोडा घसरतो. याला स्लिप म्हणतात. मासेमारीच्या जड होडीत ही घसरण ३०-४० टक्केही असू शकते.

पिच म्हणजे होडीचा गिअर समजा. कर्नाळ्याच्या खिंडीत टॉप गिअरमध्ये बाईक चढवायला गेलात तर इंजिन गुदमरतं. पहिल्याच गिअरमध्ये हायवेवर पळवलीत तर नुसतं बोंबलतं, गाडी पुढे सरकत नाही. होडीचंही तसंच असतं. फरक एवढाच की चालत्या होडीत हा गिअर बदलता येत नाही. जो पंखा बसवला, त्यावरच पूर्ण सीझन काढायचा.

४० एचपी काढून ६० एचपी बसवलं, तरी वेग तोच कसा?

एक उदाहरण घेऊ. जुनं इंजिन ४० एचपीचं, २००० आरपीएमवर पूर्ण ताकद देणारं. गिअरबॉक्स २:१, म्हणजे इंजिनाचे दोन फेरे झाले की शाफ्टचा एक. त्यामुळे पंखा मिनिटाला १००० फेरे घेतो आणि सगळी ४० एचपी खातो. जोडी जमलेली आहे.

आता त्या जागी ६० एचपीचं नवं इंजिन आलं. आजची इंजिनं आकाराने लहान आणि जास्त फेऱ्यांवर चालणारी असतात. हे ३००० आरपीएमवर पूर्ण ताकद देतं. गिअर तोच ठेवला तर पंख्याने १५०० फेरे घ्यायला हवेत.

इथेच गोची होते. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेरे दीडपट झाले की ताकद दीडपट लागत नाही, तर दीड गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे जवळपास ३.४ पट लागते. त्या हिशोबाने जुना पंखा १५०० वर फिरवायला १३५ एचपी हवी. इंजिनाकडे आहे ६०.

परिणाम काय? इंजिन ३००० पर्यंत पोहोचतच नाही. ते २००० ते २३०० च्या आसपास अडकतं आणि तिथे त्याची पूर्ण ताकद निघत नाही. पैसे ६० एचपीचे मोजले, काम मिळालं ४० एचपीच्या आसपास.

नुकसान इथेच थांबत नाही. ओझ्याखाली दबलेल्या डिझेल इंजिनात डिझेल नीट जळत नाही. काळा धूर येतो, एक्झॉस्ट तापतो, पिस्टन आणि व्हॉल्व्हवर ताण पडतो. नवं कोरं इंजिन काही सीझनमध्येच कामाला येऊ शकतं.

मग पंखा लहान करायचा का?

दोन रस्ते आहेत.

पहिला, गिअर २:१ ठेवायचा आणि पंखा लहान घ्यायचा. वरच्या उदाहरणात २० बाय १४ च्या जागी साधारण १७ बाय १२ लागेल. इंजिन मोकळं होईल, पण लहान पंखा वेगाने फिरवणं जड होडीला फारसं मानवत नाही. घसरण वाढते आणि डिझेल वाया जातं.

दुसरा, इंजिनासोबत ३:१ चा गिअरबॉक्स घ्यायचा. मग पंखा पुन्हा १००० फेऱ्यांवर येतो. आता ६० एचपी वापरायला तो थोडा मोठा लागतो, साधारण पावणेबावीस इंची. जाळी ओढणाऱ्या, सावकाश चालणाऱ्या होडीला मोठा आणि हळू फिरणारा पंखा जास्त जोर देतो.

पण त्यासाठी जागा हवी. पात्याचं टोक आणि होडीचा तळ यांच्यात व्यासाच्या १५ टक्के तरी अंतर असावं, म्हणजे २२ इंची पंख्याला सव्वातीन इंच. नाहीतर होडी थरथरते आणि शाफ्टचे बेअरिंग झिजतात. शिवाय गाळाच्या खाडीत ओहोटीला पंखा चिखलात रुतणार नाही ना, हेही पाहावं लागतं.

म्हणून गिअरबॉक्सचा निर्णय इंजिन घेतानाच करायचा असतो. नंतर हातात फक्त पंखा उरतो.

मोठा पंखा म्हणजे जास्त वेग?

हा समज फार जुना आहे. १८३७ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा इंग्रज लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात आपल्या छोट्या बोटीची चाचणी घेत होता. बोटीला दोन वेढ्यांचा लांबलचक लाकडी स्क्रू होता. कशावर तरी आपटून त्याचा अर्धा भाग तुटला. बोट बंद पडेल असं वाटलं, तर ती आधीपेक्षा जोरात पळायला लागली! स्मिथने मग स्क्रूची रचनाच बदलली.

वेगाला अजून एक मर्यादा आहे, ती होडीच्या लांबीची. पाणी कापत जाणाऱ्या जड होडीचा वेग साधारण पाण्यातल्या लांबीवर ठरतो. ३० फूट लांबीला तो सव्वासात नॉटच्या आसपास येतो. त्यापुढे कितीही एचपी घातली तरी डिझेल जास्त जळतं, वेग किंचितच वाढतो.

दिशा बघितली का?

नवीन गिअरबॉक्स शाफ्ट उलट दिशेने फिरवत असेल, तर जुना पंखा पुढच्या गिअरमध्ये होडी मागे नेईल. मागून बघताना पुढे जाण्यासाठी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो तो उजवा पंखा, उलट फिरतो तो डावा. ऑर्डर देण्याआधी ही दिशा, शाफ्टची जाडी, टेपर आणि चावीचं माप, एवढं लिहून घ्या.

खरी परीक्षा पाण्यात

हिशोब कितीही पक्का केला तरी तो अंदाजच. शेवटचा निकाल आरपीएम मीटर देतो. होडीत नेहमीचं वजन ठेवा, म्हणजे डिझेल, बर्फ, जाळी आणि माणसं. भरतीच्या वेळी खोल पाण्यात जा, इंजिन तापू द्या आणि मग पूर्ण रेस देऊन आकडा वाचा.

- कंपनीने दिलेल्या आरपीएमपर्यंत किंवा त्याच्या किंचित वर गेलं, तर पंखा बरोबर. पुढे तळाला शेवाळ आणि शिंपल्या धरल्या की फेरे थोडे उतरतातच.
- खूप खाली अडकलं, तर पंखा जड. पिच किंवा व्यास कमी करा.
- सहज वर जाऊन गव्हर्नरला टेकलं आणि होडीला जोर नाही, तर पंखा हलका. पिच वाढवा.

आउटबोर्ड इंजिनात साधारण एक इंच पिच कमी केला की १५० ते २०० फेरे वाढतात.

फक्त ही चाचणी गर्दीच्या मार्गापासून दूर घ्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली होती. १५ जणांचा जीव गेला. नौदलाने इंजिनातला बिघाड हे कारण दिलं होतं. नवं इंजिन पहिल्यांदा पूर्ण रेसवर नेताना काय होईल, हे आधी कोणालाच माहीत नसतं. त्यामुळे मोकळं पाणी आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच.

थोडक्यात काय, तर इंजिनाचं कोटेशन मागताना एकच प्रश्न जास्तीचा विचारा, "हे इंजिन, हा गिअर आणि माझी होडी, याला पंखा किती बाय किती लागेल?" उत्तर न देता कोणी "जुनाच चालेल" म्हणालं, तर ऑर्डर देण्याआधी कागद-पेन घेऊन वरचा हिशोब एकदा मांडून बघा.