चूल रेघेच्या आत

१९ जानेवारी २०२३ रोजी कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडला पंतप्रधानांच्या हस्ते हक्कपत्रांचं वाटप झालं. बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांतल्या १,४७५ नोंद नसलेल्या वस्त्यांना महसुली गावाचा दर्जा मिळाला आणि सुमारे पन्नास हजार कुटुंबांना कागद. बहुतेक लमाणी तांडे. मंचावरचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मला पाहायचं होतं ते कागदाआधीचं काम, म्हणून बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातल्या एका तांड्यावर मोजणी चालू असताना गेलो.

सर्वेअर, ग्राम लेखापाल, टेपचं दुसरं टोक धरणारा एक पोरगा. घर मोजायचं, चतुःसीमा लिहायच्या, घरमालकाला दारात उभं करून फोटो काढायचा, पुढच्या घरी जायचं. सर्वेअर घाम पुसत दोनदा म्हणाला, "१,४७५ झाली साहेब, तरी तांडे उरलेतच."

एका घरापाशी मात्र काम अडलं. म्हातारीची चूल घराबाहेर, पत्र्याच्या आडोशाला. फक्कीची रेघ भिंतीलगत पडली आणि म्हातारी चुलीपुढे येऊन उभी राहिली. "चूल आत घेतली का बाहेर?" सर्वेअर म्हणाला, "अव्वा, बांधकामच मोजायचं असतं." "मग स्वयंपाक काय दुसऱ्याच्या जागेत करू?" चाळीस वर्षं ज्या जागेवर भाकरी भाजली, ती तिच्या लेखी घरच होती. लेखापाल आणि सर्वेअर हळू आवाजात काहीतरी बोलले. मग टेप पुन्हा धरली गेली. दुसरी रेघ चुलीच्या पलीकडून गेली. ओल्या शेणाचा आणि चुन्याचा वास अजून नाकात आहे.

ही रेघ क्षुल्लक नाही. घरकुलाला आधी स्वतःची जागा लागते. ग्रामीण पंतप्रधान आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, त्यातले पुढचे हप्ते पाया, लिंटल, स्लॅब अशा टप्प्यांचे फोटो चढल्यावर, आणि घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. जागेचा कागद नसेल तर पहिला फोटोसुद्धा निघत नाही. म्हणून मला हे मोजणीचं काम घर बांधण्याइतकंच मोठं वाटतं. बंगळुरातलं सरकार मे २०२३ मध्ये बदललं, तरी हे काम थांबलं नाही, हे चांगलं झालं.

खटकलं ते वेगळंच. तांड्यावर कितीतरी दारांना कुलूप होतं. माणसं ऊसतोडीला, नाहीतर पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. दारात उभं राहायला माणूस नाही म्हणून फोटो नाही, फोटो नाही म्हणून ते घर "नंतर बघू"च्या यादीत. १,४७५ नंतरच्या तांड्यांची मोजणी करताना बीदर आणि कलबुर्गीच्या जिल्हा प्रशासनाने एवढं करावं: टेप घेऊन पावसाळ्याच्या तोंडाशी यावं. तेव्हा माणसं घरी असतात.