आधी कणा, मग इंजिन

जुनी एमजीबी रस्त्यावर आणायची म्हटलं, की हात आधी इंजिनाकडे जातो. तो आवरावा. १९६२ ते १९८० दरम्यान इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला तयार झालेल्या या गाडीला वेगळी चॅसी नाही. दारांखालचे पोकळ पत्र्याचे पट्टेच तिचा कणा. ते आतून गंजतात आणि वरचा चकचकीत रंग ते लपवतो. पट्टे कापण्यापूर्वी गाडीला खालून नीट आधार द्यावा, दारं जागेवर ठेवूनच वेल्डिंग करावं. नाहीतर उघडी गाडी मधोमध वाकते आणि दारं लागत नाहीत. मग ब्रेक, रबरी नळ्यांसकट. पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकी झिजू देत नसे. आता ते नाही, म्हणून कठीण बैठकी बसवाव्यात. ताकद वाढवायची ती सगळ्यांत शेवटी. गाडी पळण्याआधी ती थांबली पाहिजे!