कोंबडीचे जाते तिच्या पोटात



दात आहेत तर चणे नाहीत, असे आपण म्हणतो. कोंबडीला तर दातच नाहीत, तरी ती कडक मका गिळते आणि पचवते. हे कसे होते ते कळले, की तिला काय घालावे आणि काय घालू नये हेही कळेल.

गाय-म्हशीच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यातले सूक्ष्म जीव कडबा आंबवतात आणि जनावर निवांत रवंथ करते. कोंबडीचे पोट साधे. तिला रवंथ नाही, म्हणून कडबा-भुसा तिच्या कामाचा नाही. युरिया प्रक्रिया केलेला चारा गाईला चालतो, पण कोंबडीच्या खाद्यात युरिया मुळीच मिसळू नका. तिला त्यापासून प्रथिने करता येत नाहीत, उलट अपाय होतो.

दाण्याचा प्रवास

दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतो व भिजून मऊ होतो. पाणी कमी पडले तर हे काम अडते. पुढे छोट्या जठरात त्यावर आम्लरस व पाचकरस पडतो. मग येते जाड मांसल पिशवी. हेच कोंबडीचे जाते. टिपलेले बारीक खडे इथे राहतात आणि दाणा भरडतात. पुढे आतड्यात पित्त व स्वादुपिंडाचा रस मिसळतो आणि अन्नाचा कस रक्तात जातो. विष्ठेवरचा पांढरा भाग म्हणजे कोंबडीची लघवी. तो रोग नव्हे.

खडे वेगळे, शिंपले वेगळे

इथे बरेच जण फसतात. शिंपल्याचा चुरा पोटात विरघळतो. त्याने दळण होत नाही, पण अंड्याच्या कवचाला चुना मिळतो. दळायला न विरघळणारे कठीण खडेच लागतात. मोकळी फिरणारी कोंबडी ते स्वतः टिपते. खुराड्यात कोंडून अख्खे धान्य घालत असाल, तर ज्वारी-मुगाच्या दाण्याएवढी धुतलेली खडी वेगळ्या भांड्यात ठेवा. दळलेले तयार खाद्य असेल तर खड्यांची फारशी गरज नाही.

चुना कमी पडला की कोंबडी आपल्या हाडांतला चुना अंड्याला देते. मग कवच पातळ होते, पाय लुळे पडतात. कवचाचा बराचसा भाग रात्री तयार होतो, म्हणून शिंपले संध्याकाळी समोर असावेत. पिल्लांना मात्र ते देऊ नका. जादा चुन्याने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

एवढे जरूर करा

१. स्वच्छ पाणी दिवसभर ठेवा. पाणी खाद्याच्या साधारण दुप्पट लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त.
२. बुरशी लागलेला मका किंवा भुईमूग पेंड फेकून द्या. धुऊन वा वाळवून तिचे विष जात नाही, आणि ते यकृतावर घाला घालते.
३. सकाळी खाद्य घालण्यापूर्वी गळ्याची पिशवी चाचपा. ती रिकामी हवी. कडक, भरलेली लागली तर गवत, सुतळी किंवा प्लॅस्टिक अडकले असेल. कोंबडी वेगळी करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.