भीती ताटातली, धोका ताटानंतरचा

भाकरीवर दोन काळे डाग दिसले की हल्ली घरात कोणीतरी म्हणतंच, "ती नको खाऊस, करपलेल्यानं कॅन्सर होतो." या भीतीला मूळ आहे. २००२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांना दिसलं, की बटाटा, पाव, धान्य असे पिष्टमय पदार्थ साधारण १२० अंश सेल्सियसच्या वर तळले-भाजले की त्यांत ॲक्रिलामाइड हे रसायन तयार होतं. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना ते मोठ्या मात्रेत दिल्यावर कर्करोग झाला. माणसांच्या रोजच्या जेवणातून जाणाऱ्या ॲक्रिलामाइडचा मात्र कर्करोगाशी ठाम संबंध अजून दिसलेला नाही. करपलेला भाग खरवडून टाकावा आणि पुढं जेवावं. भाकरीत कोंड्यासकट धान्य असतं, आणि तंतुमय आहारानं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, याचे पुरावे चांगले भक्कम आहेत. करपलेली भाकरी टाकून मैद्याच्या बिस्किटांवर भूक भागवणाऱ्यानं नेमकी उलटी सावधगिरी बाळगली म्हणायची.

दुसरा गोंधळ याद्यांचा. फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ही जागतिक आरोग्य संघटनेचा भाग. तिनं ऑक्टोबर २०१५ मध्ये सॉसेज, सलामी, हॅम, बेकन अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात घातलं. तंबाखूही त्याच गटात. झालं, सॉसेज म्हणजे सिगारेटच, अशी हाकाटी सुरू झाली. पण हा गट पुरावा किती पक्का आहे तेवढंच सांगतो. गुन्हा सिद्ध झाला हे त्यातून कळतं. पाकीटमारीचा की खुनाचा, ते कळत नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे समजा शंभरांतल्या पाचांना आयुष्यात कधीतरी हा आजार होणार असेल, तर तिथं सहाच्या आसपास माणसं येतील. गोव्याचं चोरीसही याच वर्गातलं. सणासुदीला चोरीस-पाव खाणाऱ्यानं धास्ती घ्यायचं कारण नाही. ज्याच्या डब्यात ते रोज असतं त्यानं विचार करावा. मटण हे लाल मांस, ते एक पायरी खाली, 'बहुधा कारणीभूत' या गटात. कोंबडी आणि मासळी या निष्कर्षात नाहीतच.

यावर शाकाहारी मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. तो जरा लवकर होतो. वाढलेल्या वजनाचा संबंध या संस्थेनं २०१६ मध्ये १३ प्रकारच्या कर्करोगांशी जोडला. त्यात रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कर्करोग आहे, गर्भाशयाचा आहे, आतड्याचा आहे. साबुदाणा वडा आणि श्रीखंड-पुरीनं वाढलेलं वजनही वजनच. शिवाय आपल्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय पान हलत नाही, आणि ओलसर जागी ठेवलेल्या शेंगदाण्यांवर, मक्यावर जी बुरशी धरते तिच्यातून आफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. यकृताच्या कर्करोगाचं ते सिद्ध कारण आहे, आणि हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला तर दुप्पट सावध राहायला हवं. भाजल्यानं ते पूर्ण नष्ट होत नाही. काळपट, सुरकुतलेले, कडवट लागणारे दाणे निवडून फेकायची आजीची सवय होती, तिच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

'साखर खाल्ली की गाठ वाढते' ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते, कारण तिचा फटका आजारी माणसाला बसतो. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात हे खरं. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबर्ग यांनी ते १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. पण मेंदूला, स्नायूंनाही ग्लुकोजच लागतं, आणि तोंडानं साखर घेतली नाही तर यकृत ते तयार करतं. गाठीला उपाशी ठेवणारा आणि बाकी शरीराला पोसणारा आहार नाही. तरी केमोथेरपी चालू असलेल्या माणसाची साखर, मग भात, मग दूध, असं एकेक बंद करणारे नातेवाईक भेटतात. सगळं प्रेमापोटी. रोग्याचं वजन उतरतं, ताकद जाते, आणि कधी उपचारच पुढे ढकलावे लागतात.

मग हळद? तिच्यातलं कर्क्युमिन काचेच्या बशीतल्या पेशींवर परिणाम दाखवतं, पण पोटात गेल्यावर फारसं शोषलं जात नाही. भाजीतली हळद खुशाल खावी. तीव्र अर्काच्या कॅप्सूलनं काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजी-फळांतलं 'चांगलं' ते काढून गोळीत भरायचा प्रयोग फिनलंडमध्ये मोठ्या प्रमाणावर झाला. २९,१३३ पुरुष धूम्रपानी, त्यांतल्या काहींना गाजरातलं बीटा-कॅरोटीन गोळीतून दिलं. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, १८ टक्क्यांनी जास्त आढळला. गाजराची कोशिंबीर त्यामुळे बदनाम होत नाही, गोळी होते.

दारूबद्दल थोडक्यात: लिऑनच्या संस्थेच्या यादीत ती १९८८ पासून पहिल्या गटात आहे, वाइनला त्यातून सूट नाही.

आता ताट उचलल्यानंतरचं. 'तंबाखू नाही हो, नुसती सुपारी' हे वाक्य डॉक्टरांपुढे अगदी निरागसपणे म्हटलं जातं. सुपारी पचनाला बरी, मुखशुद्धी, बडीशेपेत घातलेली, लहान मुलांच्या हातावरही ठेवली जाणारी. तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा तोंडाचा कर्करोग घडवते, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच संस्थेच्या अहवालात स्पष्ट आहे. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग अग्रभागी आहे, आणि महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी असली तरी विदर्भातला खर्रा, इतरत्र मिळणारा मावा, या सगळ्यांत तंबाखूच्या जोडीला सुपारी असतेच. तिच्यातल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठतात, अस्तर पांढुरकं आणि ताठ होतं, तिखट झोंबायला लागतं, तोंड उघडेनासं होतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारी सोडली तरी ताठरपणा पुरता जात नाही, आणि यांतल्या काहींना पुढे कर्करोग होतो. पूजेतल्या सुपारीशी कुणाचं भांडण नाही. ती चघळायची नसते.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं जुळवून, उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून बघावीत. सुपारी खाणाऱ्याच्या तोंडात ती मावत नसतील, किंवा तोंडातला एखादा फोड, पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा होत नसेल, तर दाताच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवावं.