हुडको : वसाहत आणि शेअर
भिलाईकरांच्या दृष्टीने 'हुडको' ही एक वसाहत. शेअर बाजारात मात्र ती घरबांधणीस कर्ज पुरविणारी सरकारी कंपनी होय. मे 2017 मध्ये तिचा 10 रुपये दर्शनी मूल्याचा शेअर 60 रुपयांना विक्रीस आला. 2020 मध्ये भाव निम्म्याहून खाली घसरला, तर 2024 मध्ये 300 रुपयांच्या वर गेला. शेअर म्हणजे मालकीचा अंश. मुदत ठेवीसारखी व्याजाची हमी त्यात नसते. म्हणून नजीकच्या काळात लागणारा पैसा, विशेषतः निवृत्तीची पुंजी, बाजूला ठेवूनच डीमॅट खाते उघडावे. पोलाद कारखान्यातील कर्मचाऱ्याने तर सारी बचत 'सेल'च्या शेअरमध्ये घालू नये. त्याचे वेतनही त्याच कंपनीकडून येते. पोलादाला मंदी आली, तर मिळकत आणि बचत या दोहोंना एकदमच झळ पोहोचते.