समुद्री विषांचा यवतमाळशी संबंध

यवतमाळ शहरापासून अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर हे दोन्ही सरळ रेषेत सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर आहेत, त्यामुळे समुद्रातील विषारी प्राण्यांचा विचार या जिल्ह्याने कशासाठी करावा, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. परंतु विषाचा धोका केवळ त्याच्या जहालपणावरून ठरत नाही. प्राण्याची आणि माणसाची गाठ कोठे व किती वेळा पडते, आणि ती पडल्यावर योग्य उपचार किती अंतरावर असतो, यांवरून तो ठरतो. या कसोटीवर पाहिले असता समुद्री विषांपैकी काही स्वतः यवतमाळच्या बाजारापर्यंत पोहोचू शकतात, तर काहींचे निकटचे नातलग जिल्ह्याच्या तलावांत आणि शेतांत पूर्वीपासून वावरत आहेत, असे दिसून येते.

विषाचा वापर करणारे प्राणी दोन प्रकारचे असतात. काही प्राणी काटा, दात किंवा सूक्ष्म सुया यांच्या साहाय्याने विष दुसऱ्याच्या शरीरात टोचतात. जेलीफिश, पाकट आणि समुद्रसाप हे या प्रकारात येतात. इतर काही प्राण्यांच्या मांसात, यकृतात किंवा कातडीत विष साठलेले असते आणि ते प्राणी खाल्ले गेले तरच बाधा होते. हा भेद समजून घेणे आवश्यक आहे, कारण पहिल्या प्रकारात प्राण्यापासून दूर राहणे पुरते, तर दुसऱ्या प्रकारात ताटात काय आले आहे याची खात्री करावी लागते.

पहिल्या प्रकारातील एक मासा विदर्भातील गोड्या पाण्यातही आढळतो. मांजरमाशांच्या गटातील शिंगी हा मासा गाळाने भरलेल्या तलावांत राहतो, हवेतून श्वास घेऊ शकत असल्याने पाण्याबाहेरही बराच वेळ जगतो आणि म्हणून बाजारात जिवंत विकला जातो. त्याच्या छातीजवळच्या दोन्ही परांच्या पुढच्या कडेला एकेक कणखर काटा असतो, त्यावर पातळ त्वचेचे आवरण असते आणि त्या त्वचेतील ग्रंथींमध्ये विष असते. जाळ्यातून मासा सोडवताना काटा हातात रुतला की आवरण फाटते, विष जखमेत उतरते आणि ठणका तासन् तास टिकतो. कोकणातील मच्छीमार ज्याला शिंगाळा म्हणतात तो समुद्री मांजरमासाही याच पद्धतीने इजा करतो. गाळात अनवाणी उतरणाऱ्या भोई समाजातील मासेमारांना हा अनुभव नवा नाही. मात्र त्यावरील उपचाराचे शास्त्र त्यांच्यापर्यंत जितके पोहोचायला हवे तितके पोहोचलेले नाही.

हे शास्त्र पाकट या चपट्या माशावरून अधिक स्पष्ट होते. चाबकासारख्या शेपटीवर करवती कडांचा काटा असलेला हा मासा उथळ पाण्यात वाळूत अंग पुरून बसतो आणि पाय पडला तरच शेपटी उगारतो. १० सप्टेंबर २०१३ रोजी, दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाच्या वेळी, मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर पाण्यात उतरलेल्या पन्नासहून अधिक भाविकांना पाकटांचे दंश झाले, आणि शहरातील गर्दीच्या किनाऱ्यावरही असा प्रसंग घडू शकतो हे त्या वेळी प्रथमच अनेकांच्या लक्षात आले. पाकटाचे आणि मांजरमाशांचे विष मुख्यतः प्रथिनांचे बनलेले असते व उष्णतेने प्रथिनांची रचना मोडते. म्हणून जखम झालेला भाग सोसवेल इतक्या गरम, म्हणजे सुमारे ४० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्यास वेदना बऱ्याच प्रमाणात ओसरते. पाण्याचे तापमान निरोगी हाताने आधी तपासावे, कारण वेदनेने बधिर झालेला भाग भाजल्याचे रुग्णाला समजत नाही. काट्याचा तुकडा आत राहण्याची आणि धनुर्वाताची शक्यता असल्याने त्यानंतर दवाखाना गाठणे गरजेचे असते. छातीत किंवा पोटात घुसलेला काटा मात्र बाहेर ओढू नये. ऑस्ट्रेलियातील प्राणितज्ज्ञ स्टीव्ह अर्विन यांचा ४ सप्टेंबर २००६ रोजी झालेला मृत्यू विषापेक्षा छातीतील खोल जखमेमुळे झाला होता.

पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यांबरोबर मुंबईच्या किनाऱ्यांवर निळसर फुग्यासारखे ‘ब्लू बॉटल’ वाहून येतात. जेलीफिशसारखा दिसणारा हा जीव वस्तुतः अनेक लहान जीवांची एकत्र वाढलेली वसाहत असतो. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहू आणि लगतच्या किनाऱ्यांवर दीडशेच्या आसपास लोकांना त्याचा दंश झाल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या होत्या. ब्लू बॉटलच्या आणि कोकणात ‘झार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जेलीफिशच्या लांब तंतूंवर असंख्य दंशपेशी असतात. प्रत्येक दंशपेशीत सुमारे दीडशे वातावरणांइतक्या दाबाखाली गुंडाळलेली एक पोकळ सुई असते व स्पर्श होताच ती एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी काळात बाहेर फेकली जाते. ही क्रिया प्राण्याच्या इच्छेवर अवलंबून नसल्याने वाळूत मरून पडलेला जीवही डंख मारू शकतो, आणि सुटीत कोकणात गेलेली मुले रंगाला भुलून नेमका तोच उचलतात. दंश झालेला भाग चोळू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्या पाण्याने धुऊन चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत आणि नंतर गरम पाण्याचाच उपाय करावा.

खाण्यातून होणाऱ्या विषबाधेचे सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे सिंधुदुर्गातील मच्छीमार ज्याला केंड म्हणतात तो फुगणारा मासा होय. त्याच्या यकृतात, अंडाशयात व कातडीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष असते, जे चेतातंतूंतील सोडियमची मार्गिका बंद करून श्वसनाचे स्नायू लुळे पाडते. ते शिजवल्याने नष्ट होत नाही आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. तथापि केंड मासा यवतमाळच्या बाजारात येण्याचा संभव फार कमी आहे. येथील ग्राहकाला अधिक खरा धोका आहे तो बांगडा, कुपा, तारली यांसारख्या एरवी संपूर्ण निर्दोष असलेल्या माशांपासून. हे मासे पकडल्यानंतर सतत बर्फात राहिले नाहीत, तर त्यांच्या मांसातील हिस्टिडीन या घटकापासून जिवाणू हिस्टामीन तयार करतात. माशाला फारसा वास येत नाही, शिजवल्यानेही हिस्टामीन जात नाही, आणि खाल्ल्यानंतर काही मिनिटांपासून एक-दोन तासांत चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, अंगावर गांधी उठणे ही लक्षणे दिसतात, ज्यांना बहुधा माशाची ‘ॲलर्जी’ समजून सोडून दिले जाते. समुद्रापासूनचे अंतर वाढते तसा बर्फाच्या साखळीत खंड पडण्याचा संभव वाढतो. म्हणजे या एका बाबतीत समुद्रकाठच्या ग्राहकापेक्षा दूरच्या ग्राहकाने अधिक सावध राहायला हवे.

कृषी केंद्रातील एका औषधाचा उगम तर थेट समुद्रातल्या किड्यात आहे. जपानमध्ये मासेमारीसाठी आमिष म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका समुद्री वलयी कृमीच्या मृत शरीरावर बसलेल्या माश्या मरतात, असे आढळले होते. त्या कृमीतून १९३४ मध्ये नेरिसटॉक्सिन हे विष वेगळे करण्यात आले, १९६० च्या दशकात त्याची रचना उलगडली आणि तिच्या आधारे कार्टाप हायड्रोक्लोराइड हे कीटकनाशक तयार झाले, जे आज मुख्यतः धानावरील खोडकिडीसाठी वापरले जाते. स्नायूला आकुंचनाचा संदेश देण्यासाठी चेतातंतू ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडतो आणि स्नायूवरील ग्राही ते टिपून घेतात. नेरिसटॉक्सिन हे कीटकांच्या चेतासंस्थेतील अशाच ग्राहींना अडवते. नागाच्या आणि समुद्रसापाच्या विषांतील महत्त्वाचे घटकही याच प्रकारच्या ग्राहींवर घाला घालतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके चेता आणि स्नायू यांच्या याच सांध्यावर उलट्या मार्गाने काम करतात, म्हणजे ॲसिटिलकोलिनचे विघटन थांबवून संदेशांचा अतिरेक घडवतात. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यातील शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि त्यांपैकी वीसच्या आसपास जणांचा मृत्यू झाला, तेव्हा चर्चेत आलेले मोनोक्रोटोफॉस हे याच गटातले. चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावरील विषबाधेचा इतका दुःखद अनुभव फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आला असेल.

समुद्रसाप हे नाग आणि मण्यार यांच्याच कुळातले आहेत. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जाळ्यांत मुख्यतः दोन जाती सापडतात, त्यांपैकी चोचीसारख्या तोंडाची जात जगभरातील समुद्रसापांच्या दंशाने झालेल्या मृत्यूंपैकी बहुतेकांना कारणीभूत मानली जाते. तिचे विष तितक्याच वजनाच्या नागविषापेक्षा कितीतरी जहाल आहे; तरीही समुद्रसाप क्वचितच चावतात, चावले तरी अनेकदा विष सोडत नाहीत, आणि त्यांची गाठ पडते ती जवळजवळ केवळ जाळे उपसणाऱ्या खलाशांशी. याउलट मण्यार रात्री घरात शिरते व जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, त्यांतील बहुतांश ग्रामीण भागात आणि निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांत.

दोन्ही दंशांत एक घातक साम्य आहे. मण्यारीचा दंश जसा फारसा दुखत नाही आणि किडा चावला असेल म्हणून दुर्लक्षिला जातो, तसाच समुद्रसापाचाही. समुद्रसापाच्या दंशानंतर अर्ध्या तासापासून काही तासांत स्नायू आखडतात, हालचाल दुखू लागते, स्नायूंतील मायोग्लोबिन रक्तात उतरून लघवी गडद तपकिरी होते आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका उद्भवतो. दोन्ही दंशांच्या उपचारातही फरक पडतो. भारतात बनणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर तयार केले जाते. ते यवतमाळमधील रुग्णाला वाचवू शकते, पण समुद्रसापांच्या विषाचा त्यात समावेश नाही. समुद्रसापाच्या विषावरील प्रतिविष ऑस्ट्रेलियात बनते, आणि कोकणातील खलाशाला बहुतेक वेळा कृत्रिम श्वसन, सलाइन व गरजेप्रमाणे डायलिसिस यांवरच विसंबावे लागते.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या सर्पदंश कृती आराखड्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे असेल तर यवतमाळच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्यापूर्वी प्रतिविषाचा पुरेसा साठा असला पाहिजे, आणि कोकणातील किनारी रुग्णालयांसाठी समुद्रसापांवरील प्रतिविष देशातच तयार करण्याचा निर्णय राज्य व केंद्र सरकारने घेतला पाहिजे.